घटिकापात्राचें गणित



पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत द्रव पदार्थांचें प्रकरण आलें म्हणजे त्यांत तीन नियम ओळीनें भेटतात. पहिला, खोलीबरोबर दाब वाढतो हा. दुसरा, तरंगणाऱ्या वस्तूंविषयीं आर्किमिडीजनें सांगितलेला. आणि तिसरा, छिद्रांतून वाहणाऱ्या पाण्याच्या वेगाविषयीं टॉरिसेलीनें सांगितलेला. हे तीनही नियम बहुतेक विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात, व एकेका नियमावरील उदाहरणें ते बिनचूक सोडवितात. परंतु तीनही नियम ज्यांत एकाच वेळीं लागू पडतात असा एखादा साधा प्रश्न पुढें ठेवला कीं लेखणी अडते. याचें कारण बुद्धीची उणीव हें नव्हे. नियम निरनिराळ्या पानांवर शिकले गेले, आणि एकाच वस्तूंत ते एकत्र काम करीत असतांना पाहण्याचा प्रसंग आला नाहीं, हेंच खरें कारण होय. असा प्रसंग या लेखांत घडवून आणण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न असा : एक भांडें पाण्यावर तरंगत आहे. त्याच्या तळाशीं लहानसें छिद्र आहे, व त्यांतून पाणी आंत शिरत आहे. आंतील पाणी जसजसें वर चढेल, तसतसा आंत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होईल, वाढेल, कीं तितकाच राहील? वाचकांनीं पुढें वाचण्यापूर्वीं आपलें उत्तर कारणासह एका कागदावर लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. उत्तर चुकलें तरी चिंता नाहीं; परंतु उत्तर न लिहितां पुढें वाचलें, तर या लेखाचा अर्धा उपयोग नाहींसा होईल.

पात्र व त्याचें काम

वर सांगितलेलें भांडें म्हणजेच घटिकापात्र. तांब्याची एक पातळ वाटी, तिच्या तळाशीं बारीक छिद्र, आणि ती तरंगत ठेवण्यासाठीं पाण्यानें भरलेलें घंगाळ, एवढेंच हें यंत्र. वाटी पाण्यावर ठेवतांच छिद्रांतून पाणी आंत येऊं लागतें. ती भरत भरत खालीं जाते, आणि कांठ पाण्याच्या पातळीस लागला कीं एकदम बुडते. बुडण्यास लागलेला काळ म्हणजे एक घटिका, अर्थात्‌ २४ मिनिटें. घटिकेचीं साठ पळें, आणि अहोरात्राच्या साठ घटिका. ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ज्योतिषग्रंथांत या पात्राचें वर्णन आहे. तांब्याचें सच्छिद्र पात्र स्वच्छ पाण्यांत ठेवलें असतां तें अहोरात्रांत साठ वेळां बुडतें, असें तेथें सांगितलें आहे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं महाराष्ट्रांत याच पात्राचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. आतां तें क्वचितच दृष्टीस पडतें. पण ‘घटकाभर थांबा’ असें आपण अजूनही म्हणतों, आणि एखाद्याची ‘घटका भरली’ असें म्हणतांना भरून बुडणाऱ्या या वाटीचीच उपमा आपण नकळत देत असतों.

हें पात्र चालतें कसें, हें आतां एकेका नियमाच्या आधारें पाहूं. गणित सुलभ व्हावें म्हणून वाटीच्या ऐवजीं आपण सरळ उभ्या बाजूंचा, गोल तळाचा एक पत्र्याचा डबा घेऊं. त्याच्या तळाचें क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर, उंची १२ सेंटिमीटर व वस्तुमान १६० ग्रॅम आहे असें समजूं. पत्रा फार पातळ आहे असें मानून त्याची जाडी हिशेबांत धरावयाची नाहीं.

पहिला नियम : दाब आणि खोली

स्थिर पाण्यांत एखाद्या ठिकाणचा दाब तेथील खोलीवर अवलंबून असतो. भांड्याच्या आकारावर अथवा एकंदर पाण्याच्या सांठ्यावर नव्हे. ही गोष्ट नेदर्लंड्समधील सायमन स्टेव्हिन यानें १५८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत स्पष्टपणें मांडली. पुढें फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याचा द्रवांविषयींचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला, व दाबाच्या नियमांस सुसंगत रूप मिळालें. आज दाबाच्या एककास त्याचेंच नांव आहे. नियम असा :

पाण्याचा दाब = खोली × घनता × गुरुत्वत्वरण.

पाण्याची घनता दर घनमीटरास १००० किलोग्रॅम, व गुरुत्वत्वरण ९.८१. म्हणजे १० मीटर खोलीवर पाण्यामुळें पडणारा दाब ९८,१०० पास्कल भरतो. हा जवळजवळ एका वातावरणाच्या दाबाइतका आहे. विहीर अरुंद असो कीं तलाव विस्तीर्ण असो, १० मीटरांवर तो तितकाच.

आमच्या डब्याच्या तळाचा विचार करा. तळाच्या खालच्या बाजूस बाहेरील पाण्याच्या खोलीइतका दाब वर ढकलीत असतो. तळाच्या वरच्या बाजूस आंतील पाण्याच्या खोलीइतका दाब खालीं ढकलीत असतो. हवेचा दाब दोन्हीं बाजूंस सारखाच असल्यामुळें तो सोडून देतां येतो. तेव्हां छिद्रांतून पाणी आंत ढकललें जाण्याचें कारण बाहेरील खोली नव्हे, तर बाहेरील व आंतील पातळ्यांमधील अंतर होय. हा शब्दप्रयोग ध्यानांत ठेवावा. पुढील सारा विचार या अंतरावर उभारलेला आहे.

दुसरा नियम : तरंगणें

सिरॅक्यूज येथें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या आर्किमिडीजनें तरंगणाऱ्या वस्तूंविषयीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वस्तु तरंगत असेल तर तिनें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन त्या वस्तूच्या वजनाइतकें असतें, हा त्याचा सिद्धान्त. आपल्या डब्यास तो लावूं.

डबा कोरडा असतांना तो १६० ग्रॅम पाणी बाजूस सारतो. १६० ग्रॅम पाण्याचें घनफळ १६० घन सेंटिमीटर. त्यास ८० नें भागलें असतां २ सेंटिमीटर येतात. म्हणजे डबा ठेवतांच तो २ सेंटिमीटर पाण्यांत जाऊन स्थिरावतो. याचा ताळा पहिल्या नियमानें पाहतां येतो. २ सेंटिमीटर खोलीवर दाब १९६ पास्कल. तळाचें क्षेत्रफळ ०.००८ चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार १.५७ न्यूटन, आणि १६० ग्रॅमचें वजनही १.५७ न्यूटनच. यावरून आर्किमिडीजचा सिद्धान्त दाबाच्या नियमाहून निराळा नसून त्यांतूनच निघतो, हें ध्यानांत येईल.

आतां डब्यांत कांहीं पाणी शिरलें असें समजूं. उदाहरणार्थ, आंत ३ सेंटिमीटर पाणी आहे. त्याचें वस्तुमान २४० ग्रॅम. डबा व पाणी मिळून ४०० ग्रॅम. तेव्हां बाजूस सारलेलें पाणी ४०० ग्रॅम असलें पाहिजे, आणि डबा ५ सेंटिमीटर खोल गेला पाहिजे. बाहेर ५, आंत ३, अंतर २. आंत ७ सेंटिमीटर पाणी झालें तर डबा ९ सेंटिमीटर खोल जाईल. अंतर पुन्हां २. कोणतीही संख्या घेऊन पाहा, अंतर बदलत नाहीं. याचा सामान्य नियम असा लिहितां येईल :

पातळ्यांमधील अंतर = डब्याचें वस्तुमान ÷ (तळाचें क्षेत्रफळ × पाण्याची घनता).

या समीकरणांत आंतील पाण्याचा उल्लेखही नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. आंत शिरलेलें पाणी स्वतःचें वजन स्वतःच तोलतें. कारण तें जितकें वर चढतें, डबा तितकाच खालीं जातो. उरतें डब्याचें वजन. आणि तें तोलून धरण्याचें काम पातळ्यांमधील अंतरच करीत असतें. म्हणून डबा तरंगत आहे तोंवर हें अंतर नाहींसें होणें शक्यच नाहीं. तें नाहींसें झालें तर डब्यास आधार कशाचा?

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळालें. सरळ बाजूंच्या भांड्यांत आंत येणाऱ्या पाण्याचा जोर कमीही होत नाहीं आणि वाढतही नाहीं; अखेरच्या क्षणापर्यंत तो तितकाच राहतो. आंतील पाणी वाढल्यावर बाहेरचा जोर ओसरेल असें ज्यांनीं लिहिलें असेल, त्यांनीं भांडें जागच्या जागीं स्थिर आहे असें मनांत धरलें होतें. जमिनींत पुरलेल्या भांड्याच्या बाबतींत तें खरें ठरलें असतें. तरंगणाऱ्या भांड्याच्या बाबतींत नाहीं.

वाटीची गोष्ट किंचित्‌ निराळी आहे. ती तळाशीं अरुंद व वर रुंद असते. त्यामुळें आरंभीं, अरुंद भागांत, पातळ्यांमधील अंतर अधिक असतें. पुढें रुंद भाग पाण्यांत गेल्यावर तें कमी होतें. म्हणजे वाटी प्रथम जोरानें व नंतर सावकाश भरते. वाटीच्या आंत सारख्या अंतरावर रेघा ओढून पळें मोजावयाचीं म्हटलें तर तीं चुकतील. परंतु घटिकापात्राच्या कर्त्यानें रेघा ओढल्याच नाहींत. त्यानें फक्त बुडण्याचा क्षण मोजला. तीच वाटी, तेंच छिद्र व तसेंच पाणी असेल तर प्रत्येक वेळीं भरण्यास लागणारा एकंदर काळ सारखाच येणार, आणि घटिका मोजण्यास तेवढें पुरेसें आहे.

तिसरा नियम : छिद्रांतील वेग

अंतर २ सेंटिमीटर आहे, हें ठरलें. त्या अंतरामुळें पाणी किती वेगानें आंत येईल? याचें उत्तर इटलीतील एव्हांजेलिस्टा टॉरिसेली यानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलें. हा गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला त्याचा अनुयायी. पातळ्यांमधील अंतराइतक्या उंचीवरून एखादी वस्तु खालीं पडली असतां तिला जो वेग प्राप्त होईल, तोच वेग छिद्रांतील पाण्यास मिळतो, असें त्यानें सांगितलें. म्हणजे :

वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × पातळ्यांमधील अंतर.

पुढें १७३८ सालीं डॅनिएल बर्नोली यानें द्रवगतीवरील आपल्या ग्रंथांत दाब, उंची व वेग यांचा परस्परसंबंध दाखविला. दाब कमी झाला तर तो वेगाच्या रूपानें भरून निघतो, हें तत्त्व त्याच्या नांवानें ओळखलें जातें. टॉरिसेलीचा नियम हें त्याचेंच एक साधें उदाहरण होय.

आमच्या डब्याचा वेग काढूं. २ × ९८१ × २ = ३९२४; त्याचें वर्गमूळ सुमारें ६२.६. म्हणजे पाणी दर सेकंदास ६२.६ सेंटिमीटर वेगानें आंत येईल. छिद्राचा व्यास २ मिलिमीटर धरला तर त्याचें क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. वेगास या क्षेत्रफळानें गुणिलें म्हणजे दर सेकंदास आंत येणारें पाणी निघतें. तें सुमारें १.९७ घन सेंटिमीटर आहे.

डबा बुडण्यापूर्वीं आंत किती पाणी शिरलें पाहिजे? कांठ पाण्यास लागेल तेव्हां बाहेरील खोली १२ सेंटिमीटर, व आंतील १०. म्हणून ८० × १० = ८०० घन सेंटिमीटर. ८०० भागिले १.९७ म्हणजे सुमारें ४०६ सेकंद, अर्थात्‌ पावणेसात मिनिटांहून एक सेकंद अधिक.

हिशेब आणि प्रत्यक्ष

हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहणाऱ्यास मात्र पावणेसात मिनिटांनीं डबा बुडालेला दिसणार नाहीं. त्यास बराच अधिक वेळ लागतो. मग नियम खोटा कीं काय? नाहीं. टॉरिसेलीनें वेग सांगितला. छिद्राच्या संपूर्ण क्षेत्रफळांतून पाणी त्या वेगानें सरळ येतें असें आपण परस्पर गृहीत धरलें. प्रत्यक्षांत पाण्याचे कण छिद्राकडे सर्व बाजूंनीं येतात. कडेनें आलेल्या कणांस काटकोनांत एकदम वळतां येत नाहीं, म्हणून छिद्र ओलांडल्यावरही धार थोडी आकसत जाते. तीक्ष्ण कडेच्या छिद्रांतून येणाऱ्या धारेचें क्षेत्रफळ छिद्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारें ०.६२ पट भरतें. घर्षणामुळें वेगांतही किंचित्‌ घट येते. दोन्हीं मिळून हिशेबानें आलेल्या पाण्याच्या सुमारें ०.६ पट पाणीच प्रत्यक्ष आंत येतें. या संख्येस प्रवाहाचा गुणक म्हणावें.

या ठिकाणीं खुद्द न्यूटनलाही थांबावें लागलें होतें. ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथाच्या १६८७ सालच्या पहिल्या आवृत्तींत छिद्रांतील वेगाविषयीं त्यानें जो निष्कर्ष दिला, तो १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें बदलला, आणि धार आकुंचन पावते ही गोष्ट तेथें नमूद केली. सिद्धान्त व निरीक्षण यांत मेळ बसेना, तेव्हां त्यानें धारेकडेच पुन्हां निरखून पाहिलें. आमच्या विद्यार्थ्यांनींही हेंच करावें. पुस्तकांतील उत्तराशीं जुळावें म्हणून वहींतील आंकडे मात्र कधींही फिरवूं नयेत.

गुणक ०.६ धरून हिशेब पुन्हां केला तर दर सेकंदास १.१८ घन सेंटिमीटर पाणी आंत येतें, आणि डबा बुडण्यास सुमारें ११ मिनिटें १७ सेकंद लागतात. हाच डबा बरोबर २४ मिनिटांत बुडावा अशी इच्छा असेल तर छिद्राचा व्यास सुमारें १.३७ मिलिमीटर ठेवावा लागेल. व्यासांत अर्ध्या मिलिमीटराहून थोडा अधिक फरक झाला, आणि काळ दुपटीहून अधिक झाला. कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें बदलतें. जुन्या कारागिरास छिद्र पाडतांना किती जपावें लागत असेल याची कल्पना यावरून येईल.

पाणी स्वच्छ असावें असें जें प्राचीन ग्रंथांत सांगितलें, त्याचेंही कारण येथेंच सांपडतें. दीड मिलिमीटरांच्या छिद्राच्या कडेस धुळीचा एखादा कण अडकला तरी घटिका लांबते. पाण्याचें उष्णमानही अगदींच उपेक्षणीय नाहीं. १० अंश सेल्सिअस उष्णमानाच्या पाण्याचा चिकटपणा ३० अंशांच्या पाण्याच्या सुमारें १.६ पट असतो. छिद्र जितकें बारीक व पत्रा जितका जाड, तितका या चिकटपणाचा परिणाम अधिक. म्हणून उन्हाळ्यांत तपासून घेतलेलें पात्र थंडीच्या पहांटे पुन्हां तपासणें शहाणपणाचें होय.

रिकामें होणारें भांडें

हाच डबा आतां टेबलावर उंच ठेवा, आंत १० सेंटिमीटर पाणी भरा, व त्याच छिद्रांतून तें खालीं वाहूं द्या. येथें डबा स्थिर आहे. पाणी कमी होईल तसतशी खोली कमी होते, आणि वेगही कमी होतो. गुणक ०.६ धरून हिशेब केला असतां संपूर्ण डबा रिकामा होण्यास सुमारें १० मिनिटें लागतात. त्यांतील पहिलें अर्धें पाणी सुमारें ३ मिनिटांत जातें, व उरलेल्या अर्ध्यास ७ मिनिटें लागतात. तरंगणाऱ्या डब्यांत मात्र पहिल्या ४०० घन सेंटिमीटरांस व दुसऱ्या ४०० घन सेंटिमीटरांस सारखाच काळ, म्हणजे प्रत्येकीं ५ मिनिटें ३९ सेकंद लागतात.

पाणी वाहवून काळ मोजणाऱ्या इतर देशांतील लोकांस ही अडचण फार प्राचीन काळीं जाणवली होती. इजिप्तमध्यें कर्नाक येथें सांपडलेलें ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील जलघटिकायंत्र हें वरून रुंद व खालीं अरुंद अशा तिरप्या बाजूंचें आहे. पातळी खालीं जातांना वेग मंदावतो, म्हणून खालीं पाण्याचा सांठाही कमी ठेवावा, अशी ही योजना. पातळी अगदीं समगतीनें उतरावी असें वाटत असेल तर भांड्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असलें पाहिजे. नुसत्या तिरप्या बाजूंनीं तें पूर्णपणें साधत नाहीं, जवळपास साधतें. तरंगणाऱ्या सरळ डब्यास ही खटपट करावीच लागत नाहीं. त्याचें वजनच त्याच्या गतीचें नियमन करतें.

स्वतः करून पाहण्याचा प्रयोग

सरळ बाजूंचा एखादा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. तळाच्या मध्यभागीं बारीक खिळ्यानें एक छिद्र पाडावें व त्याची उचललेली कड कानशीनें घासून सपाट करावी. डबा कलंडूं नये म्हणून तळाशीं, छिद्राभोंवतीं, लोखंडाच्या चपट्या चकत्या सारख्या अंतरावर चिकटवाव्या. चकत्यांसह डब्याचें वजन करावें, तळाचा व्यास मोजावा, आणि तो किती सेंटिमीटर बुडेल हें आधीं कागदावर काढून मग पाण्यांत ठेवावा. डब्याच्या बाहेरील बाजूस दर सेंटिमीटरास एक रेघ ओढलेली असावी. प्रत्येक रेघ पाण्याच्या पातळीस लागल्याची वेळ एकानें सांगावी व दुसऱ्यानें लिहावी. मोबाईलमधील स्टॉपवॉच यासाठीं पुरेसें आहे. नंतर आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर खोली घेऊन आलेख काढावा. तो सरळ रेषेच्या जवळ आला तर पातळ्यांमधील अंतर स्थिर असल्याचा पुरावा आपल्याच हातीं आला असें समजावें. शेवटीं, प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवरून आपल्या छिद्राचा गुणक काढावा. खिळ्यानें पाडलेल्या छिद्राचा गुणक ०.६ हून निराळा आला तर तोच आपला खरा गुणक होय.

भोंक पडलेली नाव

येथवर जें पाहिलें तें काळ मोजण्यापुरतें उपयोगी, असें कोणी म्हणेल. परंतु घटिकापात्र म्हणजे हेतुपूर्वक भोंक पाडलेली नाव होय. जो नियम पात्रास विश्वासपात्र घड्याळ बनवितो, तोच नियम भोंक पडलेल्या नावेंतील माणसांच्या जिवावर उठतो.

पेटीसारख्या सरळ बाजूंची एक लोखंडी नाव घ्या. लांबी १० मीटर, रुंदी २.५ मीटर, बाजूंची उंची दीड मीटर, व मालासह एकंदर वस्तुमान २५ टन. ती १ मीटर पाण्यांत बुडून तरंगेल. तिच्या तळास ५ सेंटिमीटर व्यासाचें भोंक पडलें. वेग सेकंदास ४.४३ मीटर; गुणक ०.६ धरून पाणी सेकंदास सुमारें ५.२ लिटर, म्हणजे मिनिटास सुमारें ३१३ लिटर. पंधरा लिटरांची बादली घेऊन मिनिटास एकवीस बादल्या उपसणें एका माणसास शक्य नाहीं. आणि आंत गुडघाभर पाणी सांचलें, आतां जोर कमी होईल, अशी आशा धरून स्वस्थ बसणें म्हणजे नियमाचा विसर पडणें होय. जोर कमी होत नाहीं. ४० मिनिटांत नाव तळाशीं जाते. वांचण्याचे मार्ग मात्र नियमच दाखवितो. भोंकांत कापडाचा बोळा कोंबून तें अर्ध्या व्यासाचें केलें तरी पाणी चतुर्थांशावर येतें. माल पाण्यांत टाकून दिला तर वजन कमी होतें, म्हणून पातळ्यांमधील अंतर घटतें, आणि कांठही पाण्याच्या वर अधिक राहतो. जुने खलाशी संकटकाळीं माल समुद्रांत फेंकीत, त्यामागें हेंच शास्त्र होतें.

याच गणिताचें एक मोठें उदाहरण इतिहासांत आहे. ‘टायटॅनिक’ ही आगबोट १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं उत्तर अटलांटिक महासागरांत हिमनगावर आदळली, आणि दोन तास चाळीस मिनिटांनीं बुडाली. सुमारें पंधराशें माणसें मृत्यु पावलीं. बोटीच्या कुशीस शेंकडों फूट लांबीची मोठी चीर पडली असावी, असा समज पुढें पुष्कळ वर्षें रूढ होता. परंतु त्याच वर्षीं लंडन येथें झालेल्या चौकशींत, बोट बांधणाऱ्या कारखान्यांतील एडवर्ड वाइल्डिंग या तज्ज्ञानें निराळेंच सांगितलें. पहिल्या चाळीस मिनिटांत सुमारें १६,००० टन पाणी आंत आलें असावें, असा अंदाज धरून त्यानें हिशेब मांडला, आणि भोंकांचें एकंदर क्षेत्रफळ अवघें १२ चौरस फुटांच्या आसपास असलें पाहिजे असें दाखविलें. बोट समुद्रतळाशीं होती; भोंक कोणीं पाहिलें नव्हतें.

आपण तोच हिशेब स्थूलमानानें करूं. १६,००० टन भागिले २४०० सेकंद म्हणजे सेकंदास सुमारें ६.७ टन, अर्थात्‌ सुमारें ६.७ घनमीटर. पातळ्यांमधील सरासरी अंतर ६ मीटर मानलें तर वेग सेकंदास १०.८ मीटर, गुणक ०.६ धरला तर क्षेत्रफळ सुमारें १ चौरस मीटर येतें. १२ चौरस फूट म्हणजे सुमारें १.१ चौरस मीटर. १९८५ सालीं बोटीचे अवशेष सांपडले, आणि १९९६ सालीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें चिखलांत रुतलेल्या भागाची तपासणी झाली. तेव्हां एक प्रचंड चीर न आढळतां सहा अरुंद फटी आढळल्या, व त्यांचें एकंदर क्षेत्रफळ सुमारें १२ चौरस फूटच भरलें. दारापेक्षांही लहान अशा जागेंतून आलेल्या पाण्यानें एवढी मोठी बोट बुडविली. आणि हें कागद व पेन्सिल घेऊन ८४ वर्षें आधीं सांगतां आलें होतें.

असो. ज्या तीन नियमांवर हा हिशेब आधारलेला आहे, तेच आपल्या पाठ्यपुस्तकांतही आहेत. ते निरनिराळे पाठ करण्यापेक्षां एका डब्यास छिद्र पाडून ते एकत्र तपासून पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. लेखांतील डब्याचें वस्तुमान १६० ऐवजीं ३२० ग्रॅम केलें तर पातळ्यांमधील अंतर किती होईल? बुडण्यापूर्वीं आंत किती पाणी शिरेल? २ मिलिमीटर छिद्र व ०.६ गुणक धरून वेळ काढा. (उत्तर : ४ सेंटिमीटर, ६४० घन सेंटिमीटर, सुमारें ६ मिनिटें २३ सेकंद.)

२. लेखांतील नावेंतून भोंक पडतांच ५ टन माल पाण्यांत टाकला, तर नाव बुडण्यास किती वेळ लागेल? (उत्तर : सुमारें साडेबासष्ट मिनिटें.)

३. हलक्या लांकडाची होडी पाण्यानें पूर्ण भरूनही पुष्कळदां बुडत नाहीं. तरंगणाऱ्या भांड्याच्या पातळ्यांमधील अंतर नाहींसें होणें शक्य नाहीं, या विधानाशीं हें कसें जुळतें? डब्याच्या हिशेबांत आपण कोणती गोष्ट सोडून दिली होती, तें आठवून उत्तर लिहा.

४. घटिकापात्र गोड्या पाण्याच्या ऐवजीं समुद्राच्या पाण्यांत ठेवलें तर घटिका लांबेल कीं आंखूड होईल? समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारें १.०२५ पट असते. पातळ्यांमधील अंतर व आंत शिरावयाचें पाणी, या दोन्हींचा विचार करून उत्तर द्या.